दोन चित्रांच्या मधे

हातातले चिंचोके कुठे ठेवायचे, हे कांताबाईला पक्कं ठाऊक होतं. अडचण एवढीच, की समोर भासरा बसला होता.

धोंडबा हा तिच्या मेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ. छप्पन साली पांढरे कपडे घालून दीक्षा घेतलेला, वस्तीतला शब्दाचा माणूस. लग्न होऊन आल्यापासून कांताबाई त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली होती. आणि आता त्याच्याच डोळ्यांदेखत तिला संडासाच्या चित्रावर चिंचोके ठेवायचे होते.

विहारासमोर सतरंजी अंथरली होती. तिच्यावर ओळीनं रंगीत चित्रं मांडली होती: नळ, दिव्याचा खांब, दवाखाना, बालवाडी, समाजमंदिर आणि अगदी शेवटी संडास. चित्रकारानं मोठ्या हौसेनं संडासाच्या दाराशी एक टमरेलही काढलं होतं.

"बायांनो, लाजू नका," शोभाताई म्हणाल्या. त्या संस्थेच्या कामासाठी शहरातल्या पांढरपेशा धरमपेठेतून यायच्या. खादीची साडी, खांद्याला शबनम पिशवी, मनात कपट नाही. "तुम्हाला जे सगळ्यांत आधी हवं, त्यावर चिंचोके ठेवा. देशाचा अग्रक्रम आता दिल्लीत ठरणार नाही. तो इथे, या सतरंजीवर ठरणार आहे. तुम्ही ठरवाल त्याचा कागद बाहेरच्या देशात जाणार आहे, पैसा तिथून येणार आहे!"

शोभाताईंनी दिल्लीतून देश उचलून सतरंजीवर आणून ठेवला खरा. पण सतरंजीच्या कडेनं बसलेले पुरुष उठवायचं त्यांना सुचलं नाही.

बायांचं पहाटेच ठरलं होतं: चिंचोके संडासावरच. वस्तीमागे मोकळं मैदान होतं. बेशरमाची झुडपं डोक्याएवढी वाढलेली, त्यांच्या आडोशाला पिढ्यान् पिढ्या बाया जात होत्या. त्या वर्षी मैदानाभोवती भिंत उभी राहिली. आत काही तरी मोठं होणार होतं. काय, ते भिंतीलाही ठाऊक नव्हतं. भिंतीचा मसाला डोक्यावरून वाहिला तो कांताबाईनंच. ती रेजा होती, बांधकामावर घमेलं वाहणारी. रोजी मिळाली, आणि शेवटचा थर चढला त्या दिवशी तिची स्वतःची जागा बंद झाली. आता बाया अंधारात रेल्वेलाइनच्या कडेला जायच्या. मालगाडी आली की उठून उभं राहायचं, गेली की बसायचं. गार्ड टॉर्च मारायचा आणि हसायचा. म्हणून दुपार कलली की वस्तीतली एकही बाई पाणी पीत नसे.

पहिला मान कांताबाईचा, कारण तोंडाची फटकळ म्हणून तिचं नाव होतं. ती वाकली. हात शेवटच्या चित्राकडे गेला. धोंडबा खाकरला. बहुतेक नुसता खाकरला, त्याला खोकला होताच; पण हात जागीच अडला. तो मागे घेण्यातही लाज, पुढे नेण्यातही लाज. तिनं चिंचोके समाजमंदिर आणि संडास या दोन चित्रांच्या मधे, उघड्या सतरंजीवर ठेवले आणि पदर दातात धरून मागे सरली.

तिच्यामागून गोदूबाई आली. तिनंही तिथंच ठेवले. मग प्रेमिला, मग साऱ्या. मधल्या रिकाम्या जागेत चिंचोक्यांचा चांगला ढीग झाला.

"हे कुणाचे धरायचे?" शोभाताई गोंधळल्या.

भैयाजी पुढे झाले. हमरस्त्यावर त्यांचा चुना-सिमेंटचा डेपो. वस्तीत कुठलंही बांधकाम निघालं की आधी त्यांचं पोट भरायचं, मग पाया. "अवो ताई, समाजमंदिराचेच हायेत. वारा सुटला, सरकले बिचारे!" असं म्हणत त्यांनी तळहाताच्या कडेनं ढीग समाजमंदिरावर लोटला, पोळपाटावरचं पीठ लोटावं तसा.

वारा नव्हता. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. कांताबाईनं तोंड उघडलं, धोंडब्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाइनच्या कडेला भांडण जुंपलं.

"मधात काहून ठेवले वं तू?" गोदूबाई अंधारातून ओरडली.

"आन् तू कुठं ठेवले?"

"तुह्याच वर ठेवले ना बाप्पा! मले वाटलं, इले काही समजते."

"भासरा समोर बसून होता, मावशी."

"माह्या समोर तं जावई होता! तू संडासावर ठेवले असते तं मीही ठेवले असते."

सगळ्या हसल्या. मालगाडी आली, सगळ्या उभ्या राहिल्या. हसणं तिथंच संपलं.

कागद रंगला: लोकांनी एकमतानं समाजमंदिराला अग्रक्रम दिला. वस्तीत विहार होताच, लग्न-मयत सगळं तिथंच व्हायचं. पण चिंचोके तसे बोलले होते, आणि चिंचोक्यांना उलटतपासणी नसते.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाया खणला. कांताबाई त्याच कामावर लागली. तिच्या संतापाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. घमेलं डोक्यावर घेताना ती स्वतःलाच शिव्या द्यायची. हाताला उरलं होतं ते वीतभर अंतर.

घरात सून जया गरोदर होती. उमरेडची पोर, हसरी. सातवा लागला तसे तिचे पाय सुजले, लघवीला आग व्हायला लागली, ताप येऊ लागला. कांताबाईनं एक खाडा टाकला आणि तिला दवाखान्यात नेलं.

"पाणी पीत नाहीस का गं?" डॉक्टरीणबाईंनी दरडावलं. "या उन्हात? लघवी तुंबवून धरतेस. पुन्हा असाच ताप चढला तर दिवस भरायच्या आधी बाळ बाहेर येईल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही. दिवसभर पाणी प्यायचं. तांब्या जवळ ठेवायचा."

जयानं मान डोलावली. बाहेर आल्यावर सासूला म्हणाली, "मामी, डॉक्टरीणबाईले विचारा ना, तिच्याच घरी राहू का मी? तांब्याही जवळ ठेवते."

कांताबाई हसली नाही.

समाजमंदिर चढत गेलं. छत घातलं आणि बाजूच्या अंगाला आणखी एक खोली निघाली, इवलीशी.

"हे काय होय गा?" तिनं मिस्त्रीला विचारलं.

"पाव्हण्यासाठी. उद्घाटनाले बाहेरदेशातले लोक येऊन राहिले. त्याइले पायजे म्हणे."

दुसऱ्या दिवशी तणसात गुंडाळलेलं पांढरं भांडं आलं. हमरस्त्यापासून आत गाडी येत नव्हती. मिस्त्रीनं चुंबळ दिली, आणि कांताबाईनं ते संडासाचं भांडं डोक्यावर घेऊन साऱ्या वस्तीतून आणलं. ज्या चित्राला हात लावायला ती लाजली होती, ते आता तिच्या डोक्यावर होतं, आणि धोंडबा ओट्यावर बसून पाहत होता.

भांडं उतरवून ती थेट भैयाजींसमोर उभी राहिली. "भैयाजी, पाव्हणे गेल्यावर हे बायाइले वापरू द्यान ना?"

"लागलं खुळ! अवं, चार दिवसात वाट लावान त्याची. कुलूप राहीन त्याले."

"मंग बायाइनं जावं कुठं?"

"ते चिंचोके ठेवतानी सुचलं नाही?" भैयाजींनी तंबाखूची चिमूट ओठात सोडली. "तुम्हीच समाजमंदिर मांगतलं. कागदावर हाय. आता देशाची इज्जत हाय ते."

देशाची इज्जत विटांच्या चार भिंतींत नीट मावली. बायांची रुळाच्या कडेला होती, तिला छप्पर लागत नव्हतं.

उद्घाटन भर मे महिन्यात. मांडव घातला. कापडी फलकावर 'सर्वांचा, सर्वांसाठी, टिकाऊ विकास' अशी अक्षरं. टिकाऊ हा शब्द वस्तीनं तोवर चपलेच्या दुकानातच ऐकला होता. भैयाजींच्या प्लास्टरला मात्र चुन्याची सफेदी वाळायच्या आतच भेग गेली होती. तिच्यासमोर फुलांची कुंडी ठेवली होती.

बाया पांढऱ्या साड्या नेसून सकाळपासून ओळीनं उभ्या. जयासुद्धा, कारण वस्तीतली हसरी तोंडं पुढे पाहिजेत अशी भैयाजींची सूचना होती. पाहुण्यांच्या गाड्या हमरस्त्याला उशिरा लागल्या. सरबताचे ग्लास फिरले. जयानं नको म्हटलं.

"पी वं, थोडं तरी पी," कांताबाई पुटपुटली.

"मंग जाऊ कुठं, मामी? दिवसाढवळ्या?" तिचे ओठ फुटले होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. ताप पुन्हा आला होता.

भाषणं झाली. गोऱ्या पाहुणीनं तोंड पुसलं, बाजूच्या त्या इवल्या खोलीत जाऊन आली, ताजी होऊन बसली. मग हसून तिनं शोभाताईंना काही विचारलं.

"पाहुण्यांची इच्छा आहे," शोभाताई माइकवर म्हणाल्या, "की पहिला चिंचोका ज्या बाईनं ठेवला, तिनं दोन शब्द बोलावेत. या कांताबाई, घाबरू नका."

कांताबाई मंचावर गेली. पहिल्याच रांगेत धोंडबा होता. पदर डोक्यावरून घसरला. तिनं तो घसरू दिला.

"मी समाजमंदिर नाही मांगतलं," ती म्हणाली. माइकनं तिचा आवाज रेल्वेलाइनपर्यंत नेला. "मी संडास मांगतला होता. आमी साऱ्याइनं. मांगाची लाज वाटली म्हणून चिंचोके मधात ठेवले. ते भैयाजीनं सरकवले. हे भांडं मीच डोक्यावर आणलं, आन् मलेच कुलूप. माही सून पाणी पीत नाही. घरात तांब्याभर पाणी हाय आन् ती पीत नाही."

मागे कुणी तरी फिसकन हसलं. धोंडब्यानं मान खाली घातली. पाहुणी उत्सुकतेनं शोभाताईंकडे वळली. शोभाताईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी भैयाजींकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं आणि इंग्रजीतून बरंच काही सांगितलं. पाहुणी उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मग साऱ्या मांडवानं वाजवल्या.

कांताबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण संडासाचं नाव घेतल्यावर कुणी उठून टाळ्या वाजवत नाही, एवढं तिला कळत होतं.

ती खाली उतरली. माठाजवळचं ॲल्युमिनियमचं टमरेल उचललं, बुडवून भरून घेतलं आणि ओळीतून जयाचा हात धरून तिला बाहेर काढलं.

"कुठं चालली वं?" भैयाजी आडवे आले.

"सुनेले मुताले नेऊन राहिली."

हे तिनं माइकशिवाय म्हटलं. पण साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. पाहुणीनं पुन्हा शोभाताईंकडे पाहिलं. या वेळी शोभाताईंनी माइक खाली ठेवला.

भैयाजी हलले नाहीत. तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. धोंडबा उठला होता. आता हा भावजयीवर गरजणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं खुर्ची उचलली, फिरवली आणि त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसला. बाजूच्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि आपलीही खुर्ची फिरवली. मग त्याच्या पलीकडच्यानं. सतरंजीच्या दिवशी एवढं केलं असतं तर! पण तेही कुणाला आधी सुचलं नव्हतं.

भैयाजी एकटेच वाटेत उभे उरले. मग तेही बाजूला झाले.

जया आत गेली. कांताबाई बाहेर उभी राहिली, कुलपातली किल्ली तिनं काढून पदराच्या गाठीत बांधली. जया बाहेर आली तेव्हा गोदूबाई मागे उभी होती, हातात टमरेल. तिच्यामागे प्रेमिला. हमरस्त्यावरून पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या, धुरळा उडाला, तरी ती पांढऱ्या साड्यांची ओळ मोडली नाही.

संध्याकाळी भैयाजी आले. "किल्ली दे, कांताबाई."

ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. "नाही देत."

"उद्या दुसरं कुलूप लावीन. पोलीस घेऊन येईन."

"आणा. मी हाय इथं."

"रातभर बसशीन?"

कांताबाईनं उंबऱ्यावरची बैठक आणखी घट्ट केली. शेजारी जया भिंतीला टेकून बसली होती, सुजलेले पाय लांब करून. कांताबाईनं तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"पी."

जयानं भैयाजींकडे पाहिलं, मग उंबऱ्यावर बसलेल्या सासूकडे. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि न थांबता पीत राहिली. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून पोटापर्यंत ओघळलं. रिकामा तांब्या तिनं पुढे केला.

"अजून द्या, मामी."