आम्ब्रोझची न्याहारी

मी कॅमेऱ्याचा स्टँड. लाकडी, तीन पायांचा. कॅमेरा नुसता बघतो, त्याला तोलून धरतो तो मी. हे मीच सांगतो. माझ्यासाठी दुसरं कोण सांगणार?

एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं, पायांना पितळी टोकं बसवली. सुरुवातीची वर्षं लग्नाच्या फोटोवाल्याकडे गेली. नवरीचे काका दारू पिऊन हमखास माझ्यावर येऊन आदळायचे. पुढे मला हेस्टर लव्हडे या बाईनं घेतलं, आणि माझं नशीब उघडलं.

हेस्टरचे सिनेमे निराळेच. त्यांत नट नाहीत. आम्ब्रोझ नावाचा एक मनातला गृहस्थ हिंडतो, आणि तिचा आवाज त्याची हकिकत सांगतो. पडद्यावर दिसतं ते त्यानं पाहिलेलं: पूल, गोदामं, बंद गिरणी, वाऱ्यानं झुकणारं गवत. असं आधी लंडन पाहून झालं, मग देश पाहायला निघालो. आम्ब्रोझ स्वतः मात्र कधीच दिसत नाही.

ग्रिम्स्बीच्या बंदरात असताना सिनेमाला पैसे देणाऱ्या टीव्हीवाल्यांचा फोन आला. आम्ब्रोझचा चेहरा दाखवा, नाहीतर सिनेमा इथंच बंद.

हेस्टरचं तोंड उतरलं. कॅमेरावाला ड्यूगल म्हणाला, "त्यात काय? कोट घालून मीच चालतो धक्क्यावरून. पाठमोरा."

"तुझं पोट मावेल कोटात?"

"आम्ब्रोझ उपाशी हिंडतो असं कुठं म्हटलंयस तू?"

ती हसली नाही. "तो एकदा दिसला की तो तूच झालास, ड्यूगल. मग बघणारा त्याच्या जागी कसा जाईल?" पण दुसरा उपाय सुचेना. सकाळी कोट बाहेर निघाला.

आम्ही उतरलो होतो ते घर म्हाताऱ्या मिसेस ऑलर्टनचं. हेस्टर आणि ड्यूगल न्याहारीला बसली, म्हातारी वाढत होती. मी कोपऱ्यात मिटून उभा. टेबलावर तिसरी ताटली होती, हेस्टरचं लक्ष आज तिकडे गेलं.

"ही कुणाची?"

"तुमच्या आम्ब्रोझसाहेबांची, पोरी. सारखं त्यांचंच तर बोलता. येतात कधी, जातात कधी, मी विचारलं नाही. पाहुण्याच्या खासगीत शिरू नये." मग आवाज खाली आणून, "त्यांना अंडं आवडत नाही का गं? रोज तसंच राहतं. मासा तळू?"

ड्यूगलला चहाचा ठसका लागला.

"आवडतं त्यांना," हेस्टर हळूच म्हणाली. "उशिरा उठतात, एवढंच."

"मग गार नको व्हायला." म्हातारीनं उकडलेल्या अंड्यावर विणलेली लोकरी टोपी चढवली, खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली, आणि आत गेली.

"ड्यूगल, स्टँड लाव."

"आणि कोट?"

"काढ तो."

गालिच्यावर मी पाय रोवले. समोर खुर्ची, टोपीतलं अंडं, खिडकीबाहेर बंदर. रस्त्यावरून ट्रक गेला, जमीन थरथरली. मी हललो नाही. रीळ संपेस्तोवर ड्यूगलनं कॅमेरा चालू ठेवला.

हेस्टरनं तेवढंच पाठवलं. म्हणाली, हा आम्ब्रोझ.

टीव्हीच्या साहेबाचा फोन आला. त्यानं विचारलं, "मग, खाल्लं का त्यानं?"

सिनेमा पुरा झाला.

आता मी हेस्टरच्या दाराशी उभा असतो. एक पितळी टोक गळालंय. येणारेजाणारे ओल्या छत्र्या माझ्यावर अडकवतात, मीही चालवून घेतो. पण लाकूड अस्सल आहे, आणि देश अजून पुष्कळ बघायचा राहिलाय. छत्र्या काढा, बाबांनो, आणि मला खांद्यावर घ्या.