कुठला काइंगू

म्बेयूने मुलाचा तळवा चोळला, मग नखाने टोचून पाहिला. पाय हलला नाही.

"थोया, तू एकदा डॉक्टरांना सांग ना," ती म्हणाली. "ह्याचं रक्त ढोलाचं आहे म्हणावं. त्यांना माहीत नसेल."

थोया इस्पितळातल्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता. रक्ताचा अभ्यास करणाऱ्या कचेरीत तो नोकरीला होता. गावोगाव फिरून मुलांचं रक्त तपासायला आणायचा. निकाल कुणाच्या घरी सांगायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. पण माणूस जिभेचा सैल. चार महिन्यांपूर्वी म्बेयूच्या नवऱ्याच्या, न्गुम्बाओच्या अंगणात, आंब्याखाली नारळपाणी पिता पिता तो बोलून गेला होता, "तुमच्या काइंगूच्या तांबड्या पेशींची साल निराळीच निघाली. तिच्यावरची प्रथिनं वेगळी, म्हणून ती ढोलाच्या चामड्यासारखी ताणलेली. मलेरियाचा जंतू डोकं आपटून परत जातो!"

काइंगू एकच असता तर प्रश्न नव्हता. पण गिर्यामा जमातीत थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, आणि न्गुम्बाओला बायका दोन. थोरली जुम्वा, धाकटी म्बेयू. दोघींना पहिला मुलगा एकाच महिन्यात झाला, आणि दोघेही काइंगू न्गुम्बाओ.

"ह्यातला कुठला रे माझा नवरा?" आजीने तेव्हा विचारलं होतं. नवऱ्याचं नाव मिळालेल्या नातवांना ती नवराच म्हणायची. "म्हातारपणी दोन-दोन मिळालेत, एक तरी टिकाऊ निघू दे!"

सगळे हसले, थोयाही हसला, आणि प्रश्न थट्टेतच वाहून गेला. त्या वेळी थोयाच्या मांडीवर म्बेयूचा मुलगा बसला होता, एवढंच.

म्हणून पोराला ताप आला तेव्हा म्बेयू घाबरली नाही. तीन दिवस ओल्या फडक्याने अंग पुसत राहिली. जंतू डोकं आपटतोय, दमेल आणि जाईल, असं शेजारणीला सांगत राहिली. चौथ्या दिवशी मुलाला झटके आले.

आज सकाळी थोयाने कचेरीतलं रजिस्टर उघडलं होतं. ढोलाच्या रक्ताच्या काइंगूपुढे आईचं नाव : जुम्वा. तेव्हापासून तो दोनदा सांगायला म्हणून खाटेजवळ आला होता. दोन्ही वेळा त्याने सलाइनची बाटली तेवढी न्याहाळली. आपली जीभ झडून का गेली नाही, असं त्याला वाटत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" म्बेयूने विचारलं.

"औषध चालू आहे. आता वाट बघायची."

तेवढ्यात व्हरांड्यात जुम्वा दिसली. एका हातात पेजेची किटली, दुसऱ्या हाताला तिचा काइंगू. थोया बाहेर गेला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

जुम्वाने किटलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"तिला सांगितलंस?"

"नाही. सांगणारच होतो, पण..."

"मग आता गप्प बस. तुझ्या तोंडाने झालं तेवढं पुरे."

ती आत गेली. तिच्यामागे मुलगा पाहून म्बेयू खाटेवरून अर्धवट उठली.

"थोरले, ह्याला कशाला आणलंस गं इथे? मच्छर बघ किती आहेत! माझ्याचं रक्त तरी ढोलाचं, तो निभावेल. तुझ्या लेकराला काही झालं म्हणजे?"

जुम्वाने किटली खाली ठेवली. खांद्यावरचा कांगा काढला आणि मुलाला डोक्यापासून पायापर्यंत त्यात गुंडाळलं.

"खरंच की," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं नाही."

"आई, उकडतंय," आतून काइंगू म्हणाला.

"कानही झाक त्याचे," म्बेयू म्हणाली.

जुम्वाने कानही झाकले.