आडवी रेघ

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी बमरोलीच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासायला बसले आणि भिकनच्या मागावरचा ताका उलगडला, की माझे हात गार पडायचे. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

भिकन त्या मागावर रात्रपाळीत जिवानिशी गेला. बाही मोटरच्या पट्ट्यात अडकली आणि पट्ट्याने त्याला ओढून घेतलं. नंतर त्याच मागावर दिवसा सुकलाल आणि रात्री निंबा अशी जोडी लागली. तेव्हापासून कापडात आडव्या रेघा येऊ लागल्या. चालता माग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, की अशी रेघ पडते.

भिकनच माग थांबवतो, अशी कुजबुज सुरू झाली. कुणीतरी लिंबू-मिरची बांधली. सुकलाल मात्र निंबावर खार खाऊन होता.

"भूत कसानं? झोपी जास तो! आनि बोलनी मी खाऊ?"

रोज सकाळी पाळी बदलताना तो असा तडकायचा. निंबा मान खाली घालून निघून जायचा. शेवटी शेठ कातावला.

"पुष्पाबेन, तुमच्या गावाकडचीच माणसं ना? शनिवारपर्यंत मिटवा, नाहीतर निंबाला काढतो."

निंबाची बायको पोटुशी होती. मला रात्रभर चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी मी मागाला एक पुठ्ठा टांगला. माग थांबवला की वेळ आणि कारण लिहायचं, दोघांनीही. यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही, हे मी सुकलालला बजावलं. तो फणफणला, पण लिहू लागला. धागा तुटला, आडव्या धाग्याची कांडी संपली, दोन्ही पाळ्यांत हीच कारणं. फक्त निंबाने काही ठिकाणी नुसती वेळ लिहून कारणाची जागा कोरी सोडली होती.

मी एकदाच विचारून बघितलं. माणसाला उकरत बसलं की तो आणखी मिटतो, हे मी घरीच शिकले होते, नवऱ्यापाशी. म्हणून रोज पाळी सुटल्यावर त्याला चहा द्यायचा आणि शेजारी नुसतं बसायचं, एवढंच केलं. शुक्रवारी बशी हातात तशीच धरून तो बोलला.

"ताई, भिकन वरडना व्हता. मी जोडेच पाठमोरा उभा व्हतू. मागसना आवाजमा माले आयकूच उनं नही. आते मी माग बंद करी आयकस, कोनी हाका मारी राह्यनं का."

बाकीचे सगळे माग चालूच असतात, एक बंद करून काय ऐकू येणार? पण हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

पाळीवर आलेला सुकलाल दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पुठ्ठा काढून आणला आणि निंबाला विचारून प्रत्येक कोऱ्या जागी लिहिलं, 'ऐकायला थांबलो.'

आम्ही तिघं शेठकडे गेलो. मी पुठ्ठा वाचून दाखवला. शेठ काही बोलायच्या आत सुकलालच म्हणाला, "शेठ, पट्टो हजी खुल्लोज छे."

भिकनला ओढणारा पट्टा अजून उघडाच होता, आणि आम्ही सगळे तो रोज बघत होतो. पुढच्या आठवड्यात साऱ्या पट्ट्यांवर लोखंडी जाळ्या बसल्या. निंबाची नोकरी राहिली, रेघा थांबल्या. मला हायसं वाटलं.

मग एका दुपारी पुन्हा रेघ दिसली. कापड दिवसपाळीचं होतं. मी पुठ्ठा बघायला गेले. सुकलालच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आयकं. कोनी नही.'

तो पाठमोरा उभा होता. मागांच्या खडखडाटात मी त्याला हाक मारली, अगदी जीव खाऊन.

त्याने वळूनही पाहिलं नाही.