कमानीखालचे दत्तराव

डिझेलचा वास.

इस्त्री मोडू नये म्हणून गाडीत न बसता उभ्याने आलेला सदरा.

पालमला एका लग्नाचा मांडव, अजून अंधारात.

शेळ्या कुणाचं ऐकत नाहीत.

हे सगळं एका कमानीपायी. मानवतजवळच्या फाट्यावर दत्तरावांनी ती वडिलांच्या नावाने उभारली. पलीकडचा गावचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. पण कमानीला आज दिवेलागणीला, डाव्या खांबामागच्या जनरेटरवर, रंगीत रोषणाई. उद्या पक्षाची वरची माणसं झेडपीचं तिकीट ठरवणार होती, आणि त्याआधी दत्तरावांना एक फोटो हवा होता: झळाळती कमान, खाली ते. एकच. कारण रोषणाईवाल्या पप्पूला त्याच माळा घेऊन लगोलग पालमचा मांडव गाठायचा होता.

मानवतला स्टुडिओ चालवणाऱ्या सुकेशनीने कॅमेरा स्टँडवर कसला.

"दादा, फ्लॅश मारला तर दिव्यांचं तेज जातं. म्हणून शटर अर्धा मिनिट उघडं ठेवणार. तेवढा वेळ हलू नका. हललेलं माणूस फोटोत राहतच न्हाई."

"ताई, आमी वीस वर्षं एकाच पक्षात हाव. आमाला हलणं माहीत न्हाई."

"मधली अडीच सोडून," त्यांचा कार्यकर्ता बालाजी भक्तिभावाने म्हणाला.

शटर उघडलं.

दत्तरावांनी छाती काढली. तेवढ्यात एक मोटारसायकल गेली. मतदार. हात आपोआप जोडले गेले. मग एक सायकलवाला, दोन पावलं पुढे होऊन त्याला "जेवलास का?", दिवेलागणीला. मग खिशातला मोबाईल. मग शेळ्या. शेळ्यांना त्यांनी नमस्कार केला नाही, एवढं खरं. मागच्या शेळीवालीला केला. या माणसाला खांबाला बांधलं असतं तरी त्याने मान डोलावली असती.

शटर मिटलं.

"आलो का?"

सुकेशनीने स्क्रीन पुढे केला. कमान अशी आली होती की दिवा न् दिवा मोजून घ्यावा. मोटारसायकलची एक लाल रेघ. शेळ्या गायब. दत्तरावांच्या जागी ओल्या गोवरीचा असतो तसा पांढरट धूर. आणि डाव्या खांबामागे, जिथे डोळ्यांना नुसता काळोख दिसत होता, तिथे अर्धं मिनिट उजेड पिऊन एक चेहरा लख्ख उमटला होता. हात जोडलेला, हसरा, तसूभर न हललेला. बन्सीधर. त्याच तिकिटावर टपलेला. वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवरचा, जनरेटरवर पांघरलेला.

"त्याला पुसा."

"पुसते की. पण तुमाला कुठून आणू?"

"मग दुसरा काढा."

"कशाचा? पप्पू माळा सोडायलाय."

कमान विझली. तोवर बालाजीने स्क्रीनचा फोटो काढून, नीट न बघताच, पक्षाच्या ग्रुपवर टाकलाही होता: दादांचं स्वप्न साकार. पहिलं उत्तर वरून आलं. 'कमान छान. बन्सीधर शोभतो खाली.'

दत्तरावांनी ते वाचलं. मोबाईलच्या उजेडात ते आता अगदी दगडासारखे उभे होते. सुकेशनीने स्टँड मिटवला.

दुपारी पप्पूने विचारलं होतं, जनरेटर कशाने झाकू. दत्तराव म्हणाले होते, बन्सीधरचा फ्लेक्स पडलाय, तो टाक. तोंड बाहेरच्या बाजूने ठेव, धूळ खाऊ दे.