चिठ्ठीवर चिठ्ठी

माझी आई चिठ्ठ्या लिहायची. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, तीस वर्षं. कागदावर टाचलेल्या प्रत्येक फांदीखाली तिचं अक्षर आहे: कुठे सापडली, कधी, कोणाला. आता तिच्या खुर्चीत मी बसते आणि ती घरी खाटेवर असते. तीन वर्षांपूर्वी पडली, खुबा मोडला आणि चालणं संपलं. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. संग्रहालयापासून घर चार मिनिटांवर आहे. साहेब भला माणूस, म्हणून पळू देतात. या तीन वर्षांत मी दोन तासांपेक्षा लांब गेले ती फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा रानसेज नावाच्या झुडपासाठी.

ही जात संपली असंच सगळे धरून चालले होते. मला तिचा एक कागद साध्या सेजच्या गठ्ठ्यात सापडला. वाळकं फूल कोमट पाण्यात भिजवून सुईने उघडलं. सेजच्या फुलात एक इवलीशी तरफ असते. मधमाशी आत शिरली की ती खाली येते आणि माशीच्या पाठीवर पराग थापते. साध्या सेजच्या तरफेला एकाच टोकाला पराग असतो, हिला दोन्हीकडे होता. साहेब म्हणाले, जिवंत झाड फुलावर असताना दाखव, डोंगरावरच्या संशोधन केंद्रात तुझी नेमणूक पक्की. संग्रहालयाचं तळघर सुटणार म्हणून मी हरखून गेले. घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, "तू सेज शोध, मी शेजेवर आहेच."

चिठ्ठीवर आईच्याच अक्षरात होतं: खिंडीचा उत्तर उतार. बहर वर्षातून दहाच दिवस. दोन वर्षं भावाच्या नाकदुऱ्या काढून त्याला आईजवळ बसवलं आणि तो उतार पालथा घातला. साध्या सेजशिवाय काही मिळालं नाही. यंदा भावाने जमणार नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. बहराचे दोन दिवस उरले होते.

काल तो कागद पुन्हा काढला, तर चिठ्ठीचा कोपरा सुटलेला. खाली दुसरा कागद होता. आमच्याकडे जुनी चिठ्ठी कधीच झाकत नाहीत. चूक झाली तरी दुरुस्ती शेजारी चिकटवतात. हे आईनेच प्रत्येक नवख्याला दरडावून शिकवलंय. मी ओला टीपकागद ठेवून वरची चिठ्ठी सोडवली. खाली होतं: दक्षिण बाजू, चुन्याच्या भट्टीमागे.

माझं डोकं फिरलं. तशीच घरी गेले आणि दोन्ही चिठ्ठ्या तिच्या पांघरुणावर टाकल्या.

"तेव्हा लोक पोती घेऊन यायचे, मुळासकट उपटून न्यायला," ती म्हणाली. "चिकटवली ती झाडासाठी. नंतर गप्प बसले ती माझ्यासाठी. तुला सापडली असती, तर मला कोण होतं?"

मी चिठ्ठ्या उचलल्या आणि कामावर परत गेले. थांबले असते तर वाईट बोलले असते.

आज सकाळी ती म्हणाली, जा. दहाची बस आहे. मी बूट घातले, आणि मग हिशेब केला: जायला पाच तास, यायला पाच. चीड आली, रडूही आलं. म्हटलं, "कुठे जा? तुझी कूस कोण बदलणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खाटेचा दांडा धरला, दात आवळले आणि सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर वळली. एकटी.

"कधीपासून येतं?"

"गेल्या हिवाळ्यापासून," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

सबंध वर्ष मी दर दोन तासांनी धावत होते. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. दहाला दहा मिनिटं होती, थांबा कोपऱ्यावरच होता. वळताना तिच्या अंगाखाली चादर गोळा झाली होती. अशा चुणीनेच जखम होते. मी बुटांसकट वाकले आणि चादर ओढून सरळ करायला लागले.