भिंतीवरचं वाक्य

इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गात बाईंचा एकच कायदा होता. वाक्य स्वतःच्या घरातलं हवं. पुस्तकातला राजा, बागेतला माळी, टोपलीतली सफरचंदं यांना तिथे मज्जाव. खोटं वाक्य जिभेवर टिकत नाही, काल घडलेलं आज इंग्रजीत सांगितलं की माणूस ते जन्मभर विसरत नाही, असं बाईंचं म्हणणं होतं.

वर्ग भरायचा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. लाकडी बाक, एक काळा फळा, मधूनच डोळे मिचकावणारी ट्यूबलाइट आणि खाली उतरायला एकच अरुंद जिना. दिवसभर राबून आलेली माणसं तिथे बसत. बाई त्यांना व्याकरणाच्या वाटेला न नेता एक साधा शब्द देत. ‘मेक’, ‘कीप’, ‘टेक’. मग त्या शब्दाचं कोणाकोणाशी जमतं ते शोधायचं.

“चहा ‘मेक’ करतात, अंघोळ ‘टेक’ करतात,” बाई सांगत. “उलटं का नाही, हे मला विचारू नका. ज्याचं ज्याच्याशी जमतं, त्याच्याशी जमतं.”

“आमच्या घरी पस्तीस वर्षं झाली, अजून जमतंय का ते बघतोय,” बेकरीवाले काका म्हणत, आणि वर्ग हसायचा.

जमलेली वाक्यं बाई निळ्या शाईने एका मोठ्या कागदावर लिहीत आणि भिंतीला लावत. प्रत्येक वाक्याखाली सांगणाऱ्याचं टोपणनाव. माणसं आल्या आल्या आधी त्या कागदापाशी जाऊन आपलं नाव शोधत. पन्नाशीचा लिफ्टमनसुद्धा शोधायचा.

धाकटी मात्र कधी कागदापाशी जायची नाही. वर्गात सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. परदेशातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात तिची नोकरी जवळजवळ पक्की झाली होती, तेवढी इंग्रजीची तोंडी परीक्षा अडली होती. ती सुटली की नवरा-बायको दोघंही जाणार होते. नवरा तिला रोज आणून सोडायचा. सोडायचा म्हणजे जायचा नाही. मागच्या बाकावर बसून राहायचा. सगळे त्याला दादा म्हणत. गोड बोलणारा माणूस. कोणाचं पेन पडलं तर वाकून उचलून द्यायचा. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता.

“असा नवरा शोधून सापडायचा नाही,” सरकारी दवाखान्यातली नर्स एकदा म्हणाली होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. “आमचे हे मला बसस्टॉपपर्यंतही येत नाहीत.”

धाकटीने ते ऐकलं आणि वहीची पानं सारखी केली.

‘कीप’ शब्दाच्या दिवशी ती म्हणाली होती, “ही कीप्स माय फोन. ही कीप्स माय पेपर्स.” बाईंनी मान डोलावली. फोन जमतो, कागदपत्रं जमतात, छान. मग आला ‘ब्रेक’. काकांनी पाव तोडला, लिफ्टमनच्या मुलाने कप फोडला. धाकटीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि दुकानातल्या पाटीवरचे भाव वाचावेत तशा आवाजात म्हणाली, “ही ब्रोक माय फिंगर.”

“वा!” बाई म्हणाल्या. “बघा, ‘ब्रेक’चं हाडांशीही जमतं. सगळ्यांनी लिहून घ्या.”

त्यांनी ते वाक्य कागदावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं, धाकटी. मागच्या बाकावरून दादाने कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आठवडाभराने वर्ग सुटल्यावर सिस्टर मागे रेंगाळली. जिन्यावरचे पाय खाली पोचेपर्यंत थांबली आणि मग हळूच म्हणाली, “बाई, धाकटीचं डाव्या हाताचं बोट बघितलंत?”

“नाही. का?”

“वाकडं आहे. आज वही देताना दिसलं. मोडलं आणि तसंच जुळून आलंय. कोणी दवाखान्यात नेलेलंच नाही.”

बाई फळा पुसत होत्या. हात थांबला.

“शिवताना लागलं असेल मशीनचं,” त्या म्हणाल्या.

“मशीनची सुई बोटातून आरपार जाते, बाई. बोट असं मागे वाकवत नाही. आणि तिने सांगितलं ना आपल्याला? सगळ्यांदेखत सांगितलं. कायदा तुमचाच, घरातलं वाक्य हवं. आपण ते लिहून घेतलं.”

बाईंनी फडकं खाली ठेवलं. इतके दिवस त्या फक्त शब्द शब्दाशी जमतोय का ते ऐकत होत्या. वाक्यात माणसं असतात, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आता एकेक आठवू लागलं. फोन कोणाकडे. कागदपत्रं कोणाकडे. ‘लूज’च्या दिवशी ‘ही लूजेस हिज टेंपर’ कोणी सांगितलं होतं. ‘स्टे’च्या दिवशी ‘आय स्टे क्वाएट’ कोणी. नवरा तिला एक मिनिट मोकळी सोडत नव्हता. त्याच्या नाकासमोर, त्याला न कळणाऱ्या भाषेत, ती रोज सांगत होती. आणि बाई दाद देत होत्या.

“आमच्या दवाखान्यात महिला पोलीस येतात, एकीला मी ओळखते,” सिस्टर म्हणाली. “ती लगेच येईल. पण धाकटीने स्वतः तोंडाने म्हणायला हवं की मला परत जायचं नाही. नाहीतर तो हात जोडून, गोड बोलून घेऊन जाईल आणि मग घरी काय होईल ते मी सांगायला नको.”

“मी विचारते. वर्गातच विचारते, इंग्रजीत. वाक्याच्या सरावासारखं. त्याला काय कळतंय?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी ‘वाँट’ हा शब्द मनात पक्का केला होता. आधी वर्गाला रंग चढावा म्हणून ‘कॅच’ घेतला. काका उठले, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, “मदर-इन-लॉ कम्स, आय कॅच फीवर. मदर-इन-लॉ गोज, नो फीवर.”

हसू उठलं. पण ते सुरू झालं मागच्या बाकावरून.

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. दादा एरवीही हसायचा, पण सगळ्यांच्या नंतर, इतरांचे चेहरे बघून, हरवलेल्या माणसासारखा. आज तो सर्वांच्या आधी हसला होता. बाक अजून गप्प असताना. काकांचं ‘नो फीवर’ पुरं व्हायच्या आत.

तो रोज इथेच बसत होता. बाईंची पद्धत चांगली होती, व्याकरण नाही, पुस्तक नाही, नुसतं ऐकायचं. ती पद्धत त्यालाही लागू पडली होती.

बाईंनी ‘वाँट’ घेतला नाही. ‘कॅच’वरच घासत बसल्या. बस पकडा, चोर पकडा, चेंडू पकडा. धाकटीची पाळी आली तेव्हा त्यांनी घाईघाईने तिला वगळून लिफ्टमनला उठवलं. धाकटीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली आणि ती नेमकी भिंतीवर गेली. कागद तिथेच होता. निळी टपोरी अक्षरं. त्यांचं स्वतःचं वळणदार अक्षर, लांबूनही वाचता येईल असं.

आता काढला तर तो विचारणार, का काढला. उद्या लवकर येऊन काढायचा, त्यांनी ठरवलं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा शिपाई दिवे लावत होता तेवढ्यात त्या पोचल्या. जिना चढताना धाप लागली. वरच्या खोलीत उजेड होता.

धाकटी पहिल्या बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. दादा कागदासमोर उभा होता. तर्जनी अक्षरांखालून सावकाश सरकत होती, लहान मूल वाचतं तशी.

“आज लवकर?” बाई म्हणाल्या.

“परीक्षा जवळ आली ना, बाई. म्हटलं, हिची थोडी उजळणी घ्यावी.” तो वळला नाही. “अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं. हे बघा, इथे हिचं नाव आहे. टाळ्याही मी वाजवल्या होत्या, पण कशासाठी ते कोणी सांगितलंच नाही. काय लिहिलंय?”

“असंच,” बाई म्हणाल्या. “ ‘ब्रेक’ची वाक्यं.”

“हे वाक्य.”

“कप फुटला, असं आहे.”

“कप वर आहे, बाई. लिफ्टमनचा.” त्याचं बोट कागदावर टेकलं. “सी, यू, पी. हा शेवटचा शब्द एफपासून आहे. एफ, आय...” तो थांबला. “फिंगर. फिंगर म्हणजे बोट ना? परवा काकांनीच सांगितलं, भट्टीत फिंगर भाजलं म्हणून.”

धाकटी हलली नव्हती. पण तिने डावा हात उजव्या हाताखाली घेतला.

“आणि हे पहिलं, ही,” दादा म्हणाला. तेव्हा कुठे तो वळला. चेहऱ्यावर तेच गोड हसू होतं. “ही म्हणजे कोण, बाई? इंग्रजीत तो म्हणजे ही, बरोबर? कोण तो?”

जिन्यावर पावलं वाजली. काका धापा टाकत, पिशवी सावरत वर आले, मागे लिफ्टमन, त्यामागे सिस्टर. “अरे वा, आज आमच्या आधी शाळा भरली,” काका म्हणाले, आणि तिघांचे चेहरे बघून पिशवी तशीच धरून आत सरकले.

“आज आम्ही निघतो, बाई,” दादा म्हणाला. “हिला बरं नाही. चल गं.”

धाकटी उठली. वही घेतली. ती सवयीने उठली, हे बाईंना दिसलं. बोलावलं की उठायचं, तशी. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि त्यांना बाजूला व्हायचं होतं. त्यांचे पाय खरोखरच बाजूला होऊ लागले होते. इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. हा माणूस अंगावर आला असता तर त्या ओरडल्या असत्या. तो तर हसून वाट मागत होता.

आज ती खाली उतरली की परत दिसणार नाही. परीक्षेलाही नाही. तेवढं एक त्यांना लख्ख कळत होतं.

“थांब,” त्या म्हणाल्या. आवाज चिरकला. मग त्या इंग्रजीत बोलल्या नाहीत. साध्या, रोजच्या, घरातल्या भाषेत बोलल्या, सगळ्यांना कळेल अशा. “धाकटे, तुला याच्याबरोबर घरी जायचंय का?”

“बाई, हा आमचा घरचा मामला आहे,” दादा म्हणाला.

“मी तिला विचारलं.”

“ती काय सांगणार? चल गं.”

“मी तिला विचारलंय, दादा,” बाई म्हणाल्या. त्या वाटेतून हलल्या नाहीत. “जायचंय का तुला?”

धाकटीचं तोंड उघडलं. शब्द आला नाही. इतके दिवस ती न अडखळता सांगत आली होती, पण ते परक्या भाषेतले शब्द होते. त्यांचं ओझं तिला लागत नव्हतं. हे तसं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान किंचित हलवली, दुसऱ्या कोणाला दिसणारही नाही इतकी.

“नाही,” ती म्हणाली.

इतक्या बारीक आवाजात की काकांनी “काय म्हणाली?” असं विचारलं.

“नाही म्हणाली,” सिस्टर म्हणाली. तिने फोन आधीच कानाला लावला होता.

दादा एक पाऊल पुढे आला. काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि धाकटीच्या आणि त्याच्या मधोमध असलेल्या बाकावर जड अंगाने बसले. लिफ्टमन त्यांच्या शेजारी बसला. दोघेही त्याच्याकडे बघत नव्हते. फळ्याकडे बघत होते, वर्ग चालू असल्यासारखे.

दादाने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. “काहीतरी गैरसमज झालाय तुमचा,” तो म्हणाला. “मी खाली थांबतो. तिला आणाल तुम्ही खाली. कधीतरी आणालच ना?”

तो बाईंच्या अगदी जवळून गेला. जिन्यावर त्याची पावलं सावकाश वाजत गेली आणि तळाशी थांबली. दाराचा आवाज आला नाही. तो बाहेर गेला नव्हता.

“पोलीस येताहेत,” सिस्टर म्हणाली. “निघाल्यात.”

“किती वेळ?” धाकटीने विचारलं.

बाईंनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, तिने घेऊ दिला, आणि सगळे जिन्याकडे कान लावून बसून राहिले.