माझा पट्टा थ्रिननं का कापला

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहायची, खासी डोंगरातली. मित्रांनो, माझी कहाणी ऐका. बोलताना आवाज चढेल, तेवढं सांभाळून घ्या.

मला बोरमानिकमामांनी विणलं, भाची थ्रिनसाठी. मामा देवराईचे पुजारी. विणताना तोंडात देवाचं नाव. ते माझ्या विणीत अजून आहे. थ्रिन माझ्यातून बाजाराला संत्री न्यायची. "अशी टोपली आम्हालाही विणा की," बायका मामांच्या मागे लागत.

मग रानातली रोपं गोळा करणारा हार्कनेस साहेब आला. त्याच्या देशातल्या काचेच्या छपराखालच्या बागांना झाडांच्या फांद्यांवरच रुजणारी आमची निळी फुलं हवी होती. थ्रिनच्या घरी त्यानं पानसुपारी खाल्ली. आमच्यात घरची पानसुपारी खाल्ली की माणूस घरचा होतो. तिथंच मामा चुकले. घरचा समजून त्यांनी त्याला देवराई दाखवली. त्यानं एकच रोप मागितलं, तेव्हा इथलं वाळकं पानही बाहेर नेत नाहीत, हेही सांगितलं. त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तो हमाल आणि करवती घेऊन आला. फुलं उंच फांद्यांवर. चढायला वेळ लागतो म्हणून त्यानं झाडंच आडवी केली. देवाची झाडं!

"मी नाही नेली, तर दुसरा नेईल," तो मामांना म्हणाला.

"दुसऱ्याशी भांडलो असतो रे. तू घरचा."

"तोंड अजून लाल आहे, साहेब," थ्रिन म्हणाली. "निदान पुसून तरी यायचं."

देवराईच्या सीमेच्या दगडापाशी एका हमालानं मला तिच्याकडून हिसकावलं आणि रोपं कोंबली. थ्रिननं कोयता काढून माझा पट्टाच कापला. "ने आता. साहेबाच्या डोक्यावर दे."

बिनपट्ट्याचं ओझं कड्यावरून कोण उतरवणार? मला तिथंच टाकून, बाकीच्या टोपल्या भरून साहेब निघून गेला.

मामांनी मला उराशी धरून आत नेलं. उरलेल्या झाडांना ती रोपं बांधली, एकेका रोपाची क्षमा मागत. माझ्या विणीत देवराईची माती अडकली होती, म्हणून मलाही तिथंच ठेवलं.

मी कुजते आहे. देवापाशी कुजण्याचं दुःख नाही. पण त्या आडव्या बुंध्यांकडे पाहिलं की अजून अंगाची आग होते. मित्रांनो, रानात या, फुलं पाहा, हात जोडा. पण 'एकच रोप नेतो' म्हणत ते हात पुढे करू नका. साहेबानंही आधी एकच मागितलं होतं.